मापाडी

सोहारच्या विद्यापीठात, तळघरात,
सर्व्हरच्या खोलीला लागून माझी खुर्ची.
एसी अठरावर. मे महिन्यात मी स्वेटर घालतो
आणि वर, चव्वेचाळीस अंशांत, पोरं एकमेकांना विचारतात :
तुझं किती उरलंय?

माणशी पंधरा जीबी, आठवड्याला.
शनिवारी मध्यरात्री सगळ्यांचं पुन्हा भरतं,
मंगळवारपासून वसतिगृहांत तळ दिसू लागतो.
मग वेग उतरतो,
पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहतं घाण्याच्या बैलासारखं,
आणि माझ्या खिडकीशी रांग लागते.
सर, असाइनमेंट. सर, परीक्षा.
सर, माझ्या रूममेटनं चोरलं.

मी मापाड्याचा मुलगा.
वैरागच्या अडतीवर वडील ज्वारी मोजायचे.
पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणायचे,
मग दोन, तीन, लांबवत, सुरात.
काठावरून हात फिरवायच्या आधी
समोर कोण उभं आहे ते बघायचे.
कुणाला काठोकाठ, कुणाला शीग.
ती शीग कुठल्या वहीत नसायची.

माझ्या मापाला काठ नाही.
शून्य झालं की दार आपोआप लागतं,
कुणाचं लागलं एवढंच मला दिसतं.

एक नंबर रविवारी भरलेला, बुधवारी पहाटे रिकामा.
दर आठवड्याला. अडीच ते पाच, सलग, न थांबता.
सिनेमे, म्हणाले इंजिनियर खलफान,
सगळे सिनेमेच बघतात.

ती आली तेव्हा हातात रजिस्ट्रारचं पत्र नव्हतं.
हनादी बासलीम, फार्मसी, तिसरं वर्ष, घर मुकल्ला.
आमच्या अडीचला तिकडे दीड.
दीडला वीज येते, चारला जाते.
तेवढ्यात आई मशीनवर कपडे शिवते,
फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवते.
वर्गासाठीचं अॅप आहे ना, तेच. दुसरं इथे लागत नाही.

आणि बोलता काय रोज अडीच तास?
काही नाही, म्हणाली. ती शिवते. मी वाचते.
कधी दोरा तुटला तर ती वर बघते.

सवलतीच्या फॉर्मवर चार चौकटी :
संशोधन. वैद्यकीय. सरकारी पाहुणे. इतर, कारण जोडा.
कारण काय जोडू? शिलाई?

मी म्हटलं, बघतो. म्हणजे नाही.
तिलाही ते कळलं असावं, शुक्रन म्हणून गेली.

रात्री यादी चाळताना दिसलं,
प्रिंटरना मर्यादा नाही.
लायब्ररीचे तीन, ऑफिसचे सहा, प्रयोगशाळेचा एक.
तिच्या लॅपटॉपचा बारा अक्षरी पत्ता
मी त्यांच्या खाली टाकला.
प्रिंटर, मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला.
हात जरा थरथरला, हेही खरं.
व्हिसा माझा याच खुर्चीवर आहे.

दोन महिन्यांनी खलफान कागद घेऊन आले.
हा प्रिंटर महिन्याला सत्तर जीबी खातो,
छापतो तरी काय?
मी म्हटलं, जुना आहे. बदलायला लिहिलंय.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं,
कागदाची चौघडी करून खिशात ठेवली
आणि विचारलं, तुझ्याकडचे ते शेंगदाण्याचे लाडू संपले का?

गेल्या गुरुवारी अडीच वाजले,
रेघ सपाट.
तीन. साडेतीन.
वीज आली नसेल. डिझेल नसेल.
किंवा मशीन बिघडलं असेल, सुई मिळत नसेल,
किंवा, पुढचं मी मनात येऊ दिलं नाही.
दुसऱ्याच्या आईची अशी वाट बघायचं
माझ्या कामाच्या करारात नाही.
स्वतःच्या आईला मी रविवारी फोन करतो,
सात मिनिटं, ऊस आणि गुडघे.

पाचला वीस कमी असताना रेघ हलली.
शंभर केबी. चारशे.

लाभ, म्हणालो मी, तळघरात, कुणी नसताना,
आणि किटलीचं बटण दाबलं.