थंडीभर, सहा टायरवर

शाळेची बस होती ती. पिवळा रंग खरवडला
तरी डाव्या अंगाला 'विद्या' एवढं राहिलंच,
'मंदिर' पत्रा बदलताना गेलं.
ह्यांनी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ टेकली.
निवृत्त झाले त्या महिन्यात ही भंगारातून आणली
आणि म्हणाले, महानंदा, चल, घर बघायला.

सीटा काढल्या. एक ठेवली, खिडकीजवळची.
तिच्या पाठीवर कंपासच्या टोकानं कोरलंय:
प्रज्वल म्हमाणे, तिसरी ब.
आणि खाली बारीक अक्षरात: गाडी लागते.
एक पलंग, शेगडी, साठ लिटरची टाकी,
चाटी गल्लीतल्या चादरींचे पडदे.
एका पडद्यावरचा मोर उलटा शिवला गेला.
असू दे.

दिवाळीचा फराळ संपला तसे निघालो.
लोक विचारायचे, राजस्थान का?
आम्ही सांगायचो, नान्नज.
वीसेक किलोमीटर, तेही रमत गमत.

माळावर पहिल्या रात्री झोप नाही.
टाकीतलं पाणी कूस बदलतंय
ते ऐकू यायचं.
पहाटे काचेला आतून दव,
त्यात ह्यांनी बोटानं डिझेलचा हिशेब मांडला,
ऊन आलं, हिशेब ओघळून गेला.

पाण्याचा हिशेब माझ्याकडं.
आंघोळ पाच तांबे. केस धुवायचे तर आठ,
मग त्या दिवशी पिठलं, म्हणजे भांडी कमी.
उरलेलं खरकटं पाणी बोरीच्या बुडाला.

वडाळ्याच्या पुढं एका वस्तीवर थांबलो,
दहा मिनिटांत माणसं ओळीनं उभी.
कुणी म्हणालं लस, कुणी म्हणालं बँकेची गाडी,
एक जण रिकामी पिशवी घेऊनच आला.
आता नाही कसं म्हणायचं?
सिव्हिलमध्ये सव्वीस वर्षं काढलीत मी.
ट्रंकेतून बीपीचं यंत्र काढलं,
प्रज्वलच्या सीटवर एकेकाला बसवलं.
सतरा जण झाले. शेवटी गुरव्वा,
दंड एवढा बारीक की पट्टा दोनदा गुंडाळला.
एकशे ऐंशी.
गोळी चालू आहे का?
"पोरगा आणतो की पुण्याहून. आला म्हंजे."
त्या संध्याकाळी आमच्या पायरीवर हुरडा आला,
पाटीभर, वर शेंगाचटणीची पुडी.

गवतावरून भोवत्या खाली खाली उडायचे,
पाखरं मोजत असल्यासारखे.
वनखात्याचा सूरज कोळेकर म्हणाला,
लांबून येतात काकू, तिकडं बर्फ पडतो,
थंडीपुरतं इथं.
ह्यांनी विचारलं, मग सर्व्हिसिंग कुठं करतात?

अक्कलकोटच्या पुढं बोली बदलली.
याव ऊर री? कट्ट्यावरचे म्हातारे विचारायचे.
मी सोलापूर म्हणायचे, हे टायरकडं बोट दाखवायचे.

गड्ड्याला मात्र शहरात आलो.
नंदीध्वज पाहिले, डोळे भरून, गर्दीत चप्पल हरवून.
रात्री बस लावायला जागा मिळेना कुठं,
शेवटी आमच्याच बिल्डिंगखाली लावली.
वॉचमन म्हणाला, बाहेरच्या गाड्या चालत नाहीत.
तिसरा मजला, आमचीच खिडकी, आत अंधार.
किल्ली माझ्या कमरेला होती.
दोघंही वर गेलो नाही.
पडदे ओढले, पहाटे पाचला निघालो.

शिवरात्रीला थंडी शिव शिव करत गेली.
दुपारी पत्र्याला हात लावला की भाजायचा,
भोवत्या एके दिवशी दिसलेच नाहीत.
परतीच्या वाटेवर वडाळ्याला मुद्दाम थांबलो.
गुरव्वाच्या दाराला कडी,
कडीत कुलूप नाही, नुसता खिळा.
शेजारीण म्हणाली, पोरगा घेऊन गेला.
कुठं? पुण्याला? दवाखान्यात?
तिला तेवढंच माहीत होतं.

घरी पहिल्या रात्री हे दचकून उठले:
हँडब्रेक लावलाय का?
लावलाय, म्हटलं, झोपा.
मग मीच जागी राहिले.
खाली उन्हातान्हात तापलेल्या डॅशबोर्डवर
तीन महिन्यांच्या गोळ्या पडून होत्या,
त्यांना थंड, कोरड्या जागी ठेवायचं असतं.