गिअरची दांडी

डॉज, अडुसष्ट सालची, पिकल्या वांग्याच्या रंगाची,
बोनेटवर चौघांची पंगत बसेल एवढी.
हैदराबादेहून जालन्यात आली ट्रकच्या पाठीवर,
दवाखान्यात न्यावं तशी.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला होता तिचा.
हबीब मिस्त्रीनं उघडला तर आत तेलाच्या वाटा,
वारुळासारख्या,
एकीतून दुसरी, दुसरीतून कुठंच नाही.
दोन दिवस वाकून बघितलं, मग फडक्याला हात पुसले:
"ये अपने खानदान का नै, साब."

तो किलोवर गेला.
त्या जागी चारशे सातचा चढवला, टेम्पोचा.
क्लचचं पेडल ब्रेकशेजारी वेल्ड झालं
आणि माझा डावा पाय, जो इतकी वर्षं नुसता प्रवासी होता,
कामावर रुजू झाला.

राहिली दांडी.

फरशीला भोक पाडलं, ते निघालं
नेमकं सीटच्या पोटाखाली.
सरळ दांडीला तिथं उभंच राहता येईना.
हवी होती आधी पुढं झुकलेली, मग मान वर काढलेली.
हबीब हवेत बोटानं काढून दाखवायचा,
रोज थोडी वेगळी.

टेम्पोचीच लावली, ती वेताच्या छडीसारखी थरथरली.
जीपची लावली, तिसऱ्यात डॅशबोर्डला जाऊन धडकली.
लोहाराकडून वाकवून घेतली एक,
ती चंदनझिऱ्याजवळ दुसरा टाकताना
तुटून हातात आली.
मागं ट्रकवाला हॉर्नवर झोपलेला
आणि मी रस्त्याच्या मधोमध,
शाळेत छडी सापडलेल्या पोरासारखा.

मग भंगार.
जालन्यात लोखंड मरायला येतं, लांबून लांबून.
जहाजांचे पत्रे, शाळांची बाकं, कुठल्याशा बँकेची तिजोरी
दार सताड उघडं टाकून.
तीन शुक्रवार मी भट्ट्यांच्या मागं फिरलो.
काळी धूळ नाकात, खिशात कागदावर काढलेलं ते वळण.

गयाबाई खरात तिथं माल निवडतात.
लोहचुंबक नाही, चपलेच्या टोकानं टोला देतात
आणि आवाजावरून सांगतात, बीड की पोलाद.
कागद त्यांनी उलटा धरून पाहिला.
"असलं नसतंय इथं," म्हणाल्या
आणि पाणी आणायला खोपटाकडं वळल्या.

खोपटापुढं एक कानफाटकी शेळी.
शेळीला दोर. दोराच्या टोकाला, जमिनीत गाडलेली,
हातभर वर आलेली,
पुढं झुकून मान वर काढलेली
ती.

"बाई, ही दांडी?"
"कशाची दांडी? खुटा हाय त्यो."
"देता का?"
"अन् शेळी कामून, तुमच्या गाडीला बांधू?"

नोटांकडं त्यांनी बघितलंच नाही.
खुट्याला खुटा, एवढंच बोलल्या.
मी समोरच्या मिलमधून दोन फूट सळई आणली,
नवी, अजून निळसर.
आमचा गिअरबॉक्स त्याच भट्टीत गेला होता.
सळईत तो किती होता, कोण सांगणार?
शेळीनं हुंगली आणि तोंड फिरवलं.

कुठल्या गाडीची होती ती दांडी, हबीबला अजून कळलेलं नाही.
"मिल्ट्री का माल," तो गिऱ्हाइकांना सांगतो.
खाली टाच वेल्ड केली, वर बाभळीची मूठ बसवली.
मुठीखाली दोरानं घासून घासून
एक खाच पडली आहे.
ती भरून घेऊ का, हबीबनं विचारलं होतं.
मी नको म्हणालो. दोन बोटं तिथं बरोबर बसतात.

स्टिअरिंगच्या गळ्यावरची जुनी दांडी अजून आहे,
तिला खाली काही जोडलेलं नाही.
घाईत हात कधी कधी तिच्याकडंच जातो.

परवा अंबड रोडला चौथा पडला,
लोण्यात सुरी जावी तसा.
हबीब शेजारी बसून काहीच बोलला नाही,
खिडकीची काच मात्र पूर्ण खाली केली.

रिव्हर्स अजून लागत नाही.
म्हणून कुठंही थांबायचं झालं
की आधी उतार बघतो,
आणि ढकलायला कोण आहे ते.