सतरा कळा

रुवीत, मनी एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर
बिनीश काचेवर चार कीबोर्ड मांडतो,
साडीवाल्याने घडी मोडून दाखवावी तसा.
"चेची, उजवीकडचे आकडे आता कोणी घेत नाही.
छोटा घ्या, टेबल मोकळं राहतं."
बाबा रे, म्हटलं,
इथला रियाल हजार बैसांचा,
पॉइंटनंतर तीन घरं.
दिवसाला दीडशे बिलं, सुरमईचं, कोळंबीचं,
बर्फाचं वेगळं.
वरच्या ओळीत आकडे शोधत बसले
तर मासा कुजेल.
पूर्ण दे. अख्खा, आडवा.
आणि वायर नको,
आम्ही जेवतो त्याच टेबलावर.

मग तो स्विच काढतो. लाल, तपकिरी, निळे.
निळ्यावर बोट टेकलं आणि टक्,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं.
कोपरापर्यंत बरं वाटलं.

पण घरी विश्राम झोपलेला असतो.
नावापुरता विश्राम.
रात्रभर बर्काच्या प्लांटवर
समुद्राचं पाणी गोडं करतो,
सातला येऊन पडदे ओढतो.
मी निळ्यावरून बोट काढलं.
"बिनआवाजाचा," म्हटलं.
चौसष्ट रियाल, नऊशे बैसा.

प्रत्येक बटणावर दोन लिप्या,
इंग्रजी डावीकडे, अरबी कोपऱ्यात.
माझी कुठेच नाही. नसू दे.
क कुठे बसतो ते बोटांना ठाऊक आहे,
महाडला परीक्षा दिलीय, चाळीसची, पहिल्या फटक्यात.
गंमत एकच:
अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा.
पहिल्या वर्षी त्या एका आकड्याने
माझा घाम काढला होता.

आठवडाभर कापसावर चालल्यासारखं काम केलं.
आणि रोज अकराच्या सुमारास
विश्राम दारात उभा, केस विस्कटलेले,
"काय बंद पडलं?"
"काही नाही. झोप तू."

चौथ्या दिवशी डोक्यात उजेड पडला.
पंप घरघरतो तोवर माणूस डुलकी घेतो,
पंप थांबला की ताडकन उठतो.
तीस वर्षांची नोकरी आहे ती.
जुन्या कीबोर्डच्या खडखडाटावर
तो इतकी वर्षं बिनघोर झोपत होता
आणि मी इतकी वर्षं
चोरासारखी, हलक्या हाताने
टाइप करत होते.

बिनीशने परत घेतला नाही. हसला फक्त.
"स्विच निघतात, चेची."
एक चिमटा दिला, आणि पुडीत निळे,
नमुन्याचे उरलेले.
अठरा होते, एकाचा पाय वाकडा.

शुक्रवारी दुपारी टेबलावर पेपर पसरला.
वालाचं बिरडं सोलायला बसावं
तसे समोरासमोर बसलो.
मी टोपण उचकटायची, तो चिमटा लावून ओढायचा.
ताटलीत सात, आठ, नऊ,
लांबोडकं शून्य,
अधिकचं चिन्ह आमटीच्या वाटीत जाऊन पडलं.
उजवीकडच्या चौकटीत मोजून सतरा जागा.
"चंद्राला सोळाच," तो म्हणाला,
आणि शेवटचा निळा अंगठ्याने दाबून बसवला.

आता रविवार.
अक्षरं दबक्या पावलांनी जातात,
महोदय, आपल्याकडील थकबाकीबाबत, वगैरे.
मग आकडे. टक् टक् टक्, पॉइंट,
टक् टक् टक्.
आत कूस बदलल्याचा आवाज,
मग संथ घोरणं.

दीडला बेरीज जुळते.
फाइल बंद करायची, चहा ठेवायचा.
पण मी एक कोरं पान उघडते
आणि शून्य दाबत राहते,
ओळीमागून ओळ,
कुठल्याच खात्यात न जाणारी.
तो उठला की पुसेन.