तीन महिन्यांनी पुन्हा

धाकू पाष्टे, लांज्याच्या चिरेखाणीतले,
रत्नागिरीत, सीटीच्या टेबलावर उताणे.
श्वास घ्या, मी काचेआडून सांगते. धरा.
धरतात. पण मार्चात धरला होता तेवढा नाही,
खोकला आडवा येतो.

कॉम्प्युटर गाठीभोवती हिरवी रेघ ओढतो:
सहा पूर्णांक आठ.
मार्चात सहा पूर्णांक एक होती.
तीच चित्रं परत उघडते, परत टिचकी मारते.
सहा पूर्णांक चार.
रेघ या खेपेला रक्तवाहिनीच्या अलीकडेच थांबली,
मघाशी तिचा तुकडा गिळून बसली होती.

"वाढली काय वो, म्याडम?"

दशांश चिन्हाच्या आडोशाला
केवढी जागा असते.

सदऱ्याची बटणं लावत तेच म्हणतात,
मशीननं कापला तरी चिऱ्यासारखा चिरा नसतो,
सूतभर इकडंतिकडं. गवंडी दर्जात जिरवतो.
"तुमच्यात दर्जा कुठं भरतात?"

डॉक्टर रिपोर्टात लिहितात:
फरक मोजणीच्या चुकीत बसेल इतकाच.
तीन महिन्यांनी पुन्हा.

"गणपती झाले की येतो," म्हणून
दारात थांबतात, चिमूट धरून दाखवतात: एवढी?
मग थोडी उघडून: का एवढी?

नखांत तांबडी माती.
दोन्ही वेळा मला अंतर
सारखंच दिसतं.