वॉल्टनचे चार अर्थ

सुकेशिनीनं पहिला फोटो पाठवला तो गावाच्या पाटीचा.
काळी अक्षरं, कडेला शेवाळ,
खाली इंग्रजीत, गाडी हळू चालवा.
चष्मा पुसून वाचलं: वॉल्टन.

छत्तीस वर्षं मी गावं वाचली,
आर.एम.एस.च्या रात्रपाळीत, स्टेशनातल्या त्या लांब खोलीत.
तुमसर, वरोरा, मूल, नरखेड,
हात आपोआप खणाकडं जायचा.
परदेशाची थैली वेगळी, ती मुंबईला.
वॉल्टनही गेलं असेल माझ्या बोटांतून.
गावाला अर्थ असते
हे थैली बांधताना कुठं सुचते.

विचारलं तिला, काय अर्थ होते बाई नावाचा?
म्हणाली, बाबा, ड्यूटीवर आहे.
चौथ्या दिवशी तिची रात्रपाळी सुटली,
इकडं इंदोऱ्यात ऊन डोक्यावर,
कूलरच्या घरघरीत अर्धं ऐकू आलं, अर्धं मी जोडलं.

वॉर्डात एक म्हातारा आहे, पेनफोल्ड नावाचा,
शाळेत इतिहास शिकवायचा.
कमरेचं हाड मोडलं, जीभ शाबूत.
तो म्हणाला, वॉल म्हणजे भिंत. भिंतीजवळचं गाव.
नाहीतर रान. रानातलं.
नाहीतर झरा, पण झरा कोणाला सापडला नाही.
मग त्यानं पाणी मागितलं.
चौथा अर्थ सलाईन बदलताना सांगितला:
परक्यांचं गाव.

कोण परके? हिनं विचारलं.
जे आधीपासून राहत होते ते.
मागून आलेल्यांनी त्यांना तो शब्द चिकटवला,
आणि पुढं पुढं त्याच शब्दाचा अर्थ
गुलाम असा झाला.

फोन कानाला तसाच.
बाबा, आहात ना?
आहो.

आमच्या शहराचंही असंच.
कोणी म्हणते नाग म्हणजे नदी,
पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो तीच.
कोणी म्हणते साप.
विहारात लहानपणी ऐकलं, नाग म्हणजे माणसं,
होती आधी, इथंच.
कोणता खरा ते मी कसं सांगू,
मी पत्ते लावणारा माणूस.

एक गोष्ट मात्र तिला कधी सांगितली नव्हती.
नोकरीचं दुसरं वर्ष. रात्रीचे अडीच.
उमरेडच्या गठ्ठ्यात माझ्याच बापाचं नाव निघालं,
कोणा मावसभावानं टाकलेलं कार्ड.
नावाखाली आमच्या वस्तीचं नाव,
जे गावानं ठेवलं होतं, आम्ही नव्हे.
तो शब्द मी रोज वाचायचो, शंभर गावांच्या पत्त्यांवर,
तो आपसूक खणात पडायचा.
त्या रात्री हात थांबला.

पत्त्याला हात लावायचा नाही, असा नियम.
निळी पेन्सिल गठ्ठे मोजायला दिलेली.
एक रेघ ओढली, सरळ, त्या एका शब्दावरून.
इकडं तिकडं पाहिलं.
धकाते चहा घेऊन येत होता.

कार्ड पोचलं.
आठ दिवसांनी बापानं लिहून घेऊन कळवलं,
पत्र मिळाले, मजकूर समजला,
पत्त्यावर शाई सांडली होती.

हे सगळं तिला सांगितलं तेव्हा
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, इथं मला सूकी म्हणतात.
अर्थ विचारला होता पेनफोल्डनं.
मी म्हटलं, सुंदर केसांची,
आणि केस तर टोपीखाली.
हसला, मग खोकला.

काल तिला कागदावर पत्र लिहिलं, खरंखुरं.
शेवटच्या ओळीत वॉल्टन, मोठ्या अक्षरांत,
खाली त्यांचा तो अर्धा आकड्यांचा, अर्धा अक्षरांचा पिनकोड.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, काका, कुठं आलं हे?
चारही अर्थ जिभेवर आले.
म्हटलं, माझी लेक राहते तिथं.

तिनं पाकीट काट्यावर ठेवलं.
म्हणाली, तिकीट कमी पडते.
दिलं आणखी.