खालचा पाइप

केर्लीपर्यंत काटा शहाण्या पोरासारखा खाली बसलेला.
वाघबिळाच्या चढाला दुसरा गिअर पडला
की उठलाच.
मग बॉनेटच्या फटीतून वाफ,
गंजाचा, रबराचा, उकळत्या पाण्याचा वास,
आणि मी चाकामागे दगड लावून
पन्हाळ्याला निघालेल्या गाड्यांतली तोंडं बघत.
एकानं काच खाली केली, "तापली काय?"
नाही, म्हटलं, चहा टाकलाय.

सत्याऐंशीची जीप. आबांनी घेतली
तेव्हाच तिची दोन लग्नं झालेली.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगार झाकणापासून सुरू झाला.
"वायसर गेलंय ताई, प्रेशर धरंना."
नवं झाकण बसलं. काटा उठला.
मग थर्मोस्टॅट काढून त्यानं
चहाच्या गाड्यावर पातेल्यात उकळला,
आम्ही तिघं वाकून बघत होतो
ते पितळी बुबुळ कधी उघडतंय.
उघडलं. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता.
रेडिएटर खोलून सळी मारली,
पूर ओसरल्यावर घरातनं काढतात
तसला लाल गाळ निघाला बादलीभर.
पट्टा ताणला. पंप हलवून बघितला.
"हेडचं गॅसकेट असंल," गर्दीतला कुणीतरी म्हणाला
आणि माझ्या पोटात खड्डा पडला,
त्याचा आकडा मला माहीत होता.

सगळ्यांनी कान लावले. एकानं तर
स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला.
पण गॅरेजात उभी असली की ही गुणी.
तासभर चालू ठेवली, काटा मधोमध.
"हिला काय न्हाई," दस्तगीर म्हणाला,
"तुम्हीच लै दाबताय."

आबांना ऐकू येत नाही.
फौंड्रीत एकतीस वर्षं, त्यातली अठरा हॅमरपाशी,
कान तिथंच राहिले.
घरी आम्ही ओरडतो, ते मान हलवतात,
भलत्याच गोष्टीला हो म्हणतात.
त्या दिवशी घरी कुणी नव्हतं म्हणून बरोबर आणलेले,
स्टुलावर बसून होते, टोपी गुडघ्यावर.
कुणी त्यांना काही विचारलं नाही.

मग उठले.
बाही सारून हात आत घातला,
अगदी खाली, रेडिएटरच्या पायाशी,
पाइपावर पंजा ठेवला
आणि मला मानेनं खूण केली: दाब.
दाबलं.
अजून.
जीप किंचाळली, दस्तगीरनं कपाळ धरलं,
आबांची बोटं मात्र हळूहळू मिटत गेली,
कुणी हात हातात दिल्यावर मिटावीत तशी.
"चपटतोय!"
स्वतःचा आवाज न ऐकणाऱ्या माणसाचा आवाज,
अख्ख्या गल्लीला कळलं.

पाइप काढला. आत स्प्रिंग असायला हवी.
स्प्रिंगच्या जागी चुरा, तंबाखूसारखा,
आबांनी तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळलाही.
थांबून असेतो पाइप गोल, गुटगुटीत.
जोर आला की पंप पाणी ओढायचा
आणि हा आपला आपणच गळा आवळायचा,
नेमका चढावर.
दस्तगीर बराच वेळ काही बोलला नाही.
मग आबांच्या कानाशी जाऊन ओरडला, "च्या घेनार काय?"
आबा म्हणाले, "पाच सूत."

म्हणजे तार. कळंत्र्यांच्या लेथवर
त्यांनी ती स्वतःच वळवली,
चकवर तोल सांभाळत, चष्मा नाकावर,
एकेक वेढा मोजून. मोजताना ओठ हलत होते.
तिथला पोरगा म्हणाला, आजोबा, रेडिमेड मिळतंय.
ऐकू आलं नाही. किंवा आलं.

दुसऱ्या दिवशी केर्ली गेली.
पहिलं वळण. दुसरं. दुसरा गिअर.
काटा होता तिथंच.
मी ओरडले नाही, नुसती
दोन बोटं त्यांच्या गुडघ्यावर टेकवली.
त्यांनी पंजा डॅशबोर्डावर ठेवलेला, डोळे मिटलेले.
"कळतंय मला," म्हणाले, "पुढं बघ."

तिसरं वळण मी पहिल्यांदाच
गाडीत बसून बघितलं.
तिथं एक रसवंती आहे.