शिरोरेघ

गोकुळपेठेतला क्लास. दुसरा मजला,
कूलरच्या पाण्याचा वास, अकरा कॉम्प्युटर.
माझ्याचं डीचं बटण बसलेलं,
डिव्ह उघडायचा तर अंगठ्यानं जोर द्यावा लागे.

पहिला आठवडाभर
उघडलेलं मिटायलाच विसरत गेले.
एक कंस सुटला की अख्खं पान
डावीकडे कलंडायचं.
ठवकर मॅडम न वळताच म्हणायच्या,
"शोध. तुझाच आहे तो."

मग बाबांच्या दुकानाचं पान केलं.
हेडाऊ पेंटर, इतवारी. नंबर प्लेट, पाट्या, बॅनर.
दोन अक्षरांत दोन पिक्सेल अंतर टाकलं,
इंग्रजीत ते फार झकास दिसलं होतं.

रात्री लाइट आल्यावर त्यांच्यापुढे मोबाइल धरला.
नखांत ऑइलपेंट, चष्मा कपाळावर.
फोटो पाहिले नाहीत, रंगही नाही.
"रेघ काऊन तुटली वं?"

खरंच की.
प्रत्येक अक्षर आपापलं छप्पर घेऊन
वेगळं उभं,
महालातल्या वाटण्या झालेल्या घरांसारखं.

अंतर शून्य केलं.
ते जेवायला बसले.
भाकरी मोडता मोडता थांबून म्हणाले,
"अन् उन्हानं उडत नाही न हे?"